घासून बघा

गिरणीचा पट्टा चढवला, पहिला डबा आत ओतला, आणि भिंतीपलीकडे पातेलं आपटलं. माझी गिरणी चालू असली की शेजारी बाँब फुटला तरी ऐकू येत नाही, पण धाकटीचा आवाज तिच्यावरूनही आला. मी बटण बंद केलं. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दोघींच्या घरात भिंत एकच, आणि ती अशी पातळ की तिकडं कुणाला उचकी लागली तर इकडं मी पाणी पिते.

"तुम्ही बाप आहात का कोण?" ती म्हणत होती. "सगळी बैठक संपेस्तोवर मिठाची गुळणी धरून बसलात. एवढं म्हणवत नव्हतं, की माझी पोरगी त्या खुर्चीत बसणार नाही?"

"गावाचं काम आहे," भाऊजी म्हणाले. आवाज असा, की बोलले का खोकले ते कळू नये.

"गावाला दुसरं तोंड नव्हतं? का माझ्याच पोरीचं तोंड रस्त्यावर पडलंय?"

मी पदराला हात पुसले आणि गेले. दोघांच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये म्हणतात. पण असं म्हणणाऱ्याला जाऊ नसणार.

भांडण कशाचं, ते आधी सांगते. आमच्या गावात लेक कोण आणि सून कोण हे विचारावं लागत नाही. हसवावं. आम्ही बाहेरून आलेल्या बायका, आमचे दात इतर माणसांसारखे. जे इथं जन्मले, इथल्या बोअरच्या पाण्यावर वाढले, त्यांचे दात तपकिरी. कुणाचे नुसते पट्टे, कुणाचे पार जळक्या लाकडासारखे, खड्डे पडलेले. हे पाणी जमिनीवर सांडलं तर वाळून पांढरा थर धरतो. आमची परसातली माती उन्हाळ्यात अशी पांढरी पडते, की वाटावं कुणी पीठ सांडून गेलं. मातीला पांढरं करणारं पाणी दातांना काळं करतं, याला काय म्हणावं?

आणि सुनांना ते सोडतं असंही नाही. आमच्या गुडघ्यात शिरतं. भाऊजींच्या तर पाठीत शिरलं. एके काळी धान्याचं पोतं खांद्यावर टाकून बांधावरून पळणारा माणूस. आता मान वळत नाही. मागून हाक मारली तर बैलगाडी वळवतात तसे सगळेच्या सगळे वळतात.

म्हणून गावानं अर्ज केला, की नदीवरच्या मोठ्या टाकीतून आम्हाला पाइप द्या. तेव्हा तालुक्याहून पाणीखात्याचे साहेब आले. दोघातिघांची तोंडं बघितली, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "पाण्याचा काय संबंध? तुम्ही लोक दातच घासत नाही. घरात लिंबू आहे, सोडा आहे, मीठ आहे. रोज घासा. घरच्या घरी पांढरे होतील."

लाज ही मोठी वाईट. दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव घासायला बसलं. कोळसा झाला, राख झाली, विटेची पूड झाली. माळ्याच्या लिंबाच्या झाडावर औषधाला लिंबू राहिलं नाही. पुढारी तर कपडे घासायचा ब्रश घेऊन भिंतीकडं तोंड करून बसलेला मी स्वतः बघितला. हिरड्या सुजल्या, जेवण जाईना, पण डाग जिथल्या तिथं. साहेब परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर दातांची एक तरुण डॉक्टरीण होती. ती म्हणत होती, की हे पाण्यानंच झालंय, दात हिरडीत घडत असतानाच आत मुरलंय, वरून निघायचं नाही. साहेबांनी तिला हातानंच गप्प केलं.

"मग सोक्षमोक्ष लावू," ते म्हणाले. "मी परत येतो. गावातले सगळ्यांत खराब दात असतील त्याला खुर्चीत बसवा. सगळ्यांसमोर नर्स लिंबू-सोड्यानं घासेल. निघाले तर घाण, विषय संपला. नाही निघाले तर मी स्वतः पाइपला मंजुरी देतो."

तर खुर्चीत बसायचं कोणी, म्हणून बैठक भरली. एकजात सगळे पुरुष जमीन बघत बसले. शेवटी पुढारी म्हणाला, "मुकीचेच सगळ्यांत जास्त आहेत." आणि सगळ्यांनी असा सुस्कारा टाकला जणू डोक्यावरचं ओझं उतरलं. भाऊजी समोर बसलेले. हूं नाही की चूं नाही.

मुकी म्हणजे धाकटीची लेक. बिचारी मुकी वगैरे काही नाही. घरात तिची जीभ माझ्या गिरणीपेक्षा जोरात चालते. साऱ्या गावाच्या नकला करते. पुढाऱ्याचं खाकरणं, माझं गिऱ्हाइकावर खेकसणं, असं हुबेहूब, की हसून हसून माझ्या बरगड्या दुखाव्यात. पण उंबरा ओलांडला की हात तोंडावर. बाहेर कुणी तिला हसताना बघितलेलं नाही आणि बोलताना फारसं ऐकलेलं नाही. गावानं नाव ठेवलं मुकी, आणि नाव ठेवायला गावाचं काय जातंय? शिवणाच्या दुकानात कामाला गेली होती, तिथल्या मालकिणीनं आठवड्यात घरी पाठवलं. म्हणे, गिऱ्हाइकाला किळस येते. त्या दिवसापासून पोरगी आमच्याशीसुद्धा मान खाली घालून बोलायला लागली.

आणि आज साहेब येणार होते. त्या सकाळची ही गोष्ट.

मी आत गेले तर धाकटी चुलीपुढं बसून डोळे पुसत होती. भाऊजी दारात, भिंतीला पाठ लावून उभे. बसायचं म्हणजे त्यांना चार माणसांचं काम.

"कुठंय पोरगी?"

"मोरीत जाऊन बसलीय," धाकटी म्हणाली. "मघापासून दार लावून घेतलंय. रडू दे म्हणलं. रडेल नाहीतर काय करेल?"

मी मोरीच्या दाराला कान लावला. रडण्याचा आवाज नव्हता. थुंकल्याचा आवाज येत होता. मध्येच दातांतून हवा ओढल्यासारखा. आणि वास. नाकात सुई गेल्यासारखा उग्र. हा वास मी कुठं घेतलाय ते मला आठवेना.

"पोरी, दार उघड गं."

"थांब, मोठी आई. थोडंच राहिलंय." बोबडं, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखं.

"काय थोडं राहिलंय?"

तेवढ्यात धाकटीलाही तो वास आला. ती उठली, दाराआडच्या कोपऱ्यात बघितलं आणि जागच्या जागी पांढरीफटक पडली. धाकटी दूधकेंद्रावर कॅन धुते. कॅनच्या आतून दुधाचा जो पिवळा, दगडासारखा थर धरतो, तो साबणानं जात नाही. त्याला ॲसिड लागतं. केंद्रावरचं माणूस हातमोजे घातल्याशिवाय बाटलीला हात लावत नाही. काल मोजे फाटले, आणि तिथं कुणी उघड्या हातानं धरू नये म्हणून उरलेली बाटली ती घरी घेऊन आली होती, मोजे मिळाले की परत नेऊ म्हणून.

कोपरा रिकामा होता.

"अगं बाई गं," ती म्हणाली. "अगं माझी बाटली!"

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. धाकटी दारावर दोन्ही हातांनी बडवत होती. भाऊजींनी खांदा लावायला बघितला, तर त्यांची पाठच अशी उसळली की ते भिंतीवर आदळले. मी लाथ मारली. दार जुनं होतं, पण आतून कडी उघडली ती पोरीनंच.

बोटाला फडकं गुंडाळलेलं. बोटाची कातडी पांढरी, सुरकुतलेली. डोळ्यांतून धारा. आणि ती हसत होती. आमच्यासमोर, तोंड उघडं टाकून.

"गेले बघ, मोठी आई," ती म्हणाली. "डाग गेले."

पुढचे दात पांढरे होते. खडूसारखे, चमक नसलेले, पण पांढरे. वरची हिरडी भाजल्यासारखी फिकट, कडेला रक्त. धाकटीनं एक कानाखाली काढली आणि त्याच हातानं तिला छातीशी धरलं. मी घागर आणली. "गुळणा कर. गिळू नकोस. कर परत. परत कर." घागर संपली तशी दुसरी आणली. मग दुधाचं भांडं तिच्या तोंडाला लावलं. घोट घेतला तशी पोरगी कळवळली आणि माझा दंड असा धरला, की नखं रुतली.

"का केलंस गं हे?" धाकटी रडत विचारत होती.

"ते मला खुर्चीत बसवणार होते. जनावर विकत घेताना तोंड उघडून बघतात, तसं सगळं गाव बघणार होतं. वरनं घासणार. मग म्हणलं, मीच घासते, माझ्या घरात, दार लावून. आता घासायला काही राहिलंच नाही. जाऊ दे त्यांना."

तिला वाटलं, आपण सुटलो. मलाही क्षणभर वाटलं. आणि मग मला साहेबांचा शब्द आठवला.

"पोरी," मी म्हणाले, "डाग निघाले तर ती घाण, असं म्हणालाय ना तो साहेब?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या आईकडं, मग बापाकडं. तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. किती दिवस तिला एकच दिसत होतं, ती खुर्ची. खुर्चीमागचा पाइप दिसलाच नव्हता. तिच्या बोटावरचं फडकं सुटून खाली पडलं.

"मग... पाणी?" ती म्हणाली.

मला रागही येत होता आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटत होतं. एवढ्यात रस्त्यावरून पुढाऱ्याची हाळी आली. "गाडी आली! चला, मुकीला आणा!"

"आजारी आहे म्हणून सांगू," धाकटी म्हणाली. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. मलाही नव्हतं.

शाळेपुढच्या झाडाखाली खुर्ची मांडलेली. शेजारी स्टुलावर ताटलीत कापलेली लिंबं, सोडा, ब्रश, तांब्या. ऊन असं, की पांढऱ्या मातीकडं बघवेना. गाव गोल करून उभं. साहेब घड्याळाकडं बघत होते.

"पोरगी आजारी आहे," मी पुढं होऊन म्हणाले.

"ऐन वेळेला बरी आजारी पडली," साहेब म्हणाले. "मला पुढं जायचंय. तपासणीला कुणी हजर नव्हतं असं लिहितो."

"वहिनी, हा काय पोरखेळ आहे?" पुढारी माझ्यावर ओरडला. "आणा तिला उचलून!"

उचलायची गरज पडली नाही. गर्दी फाकली आणि मुकी आली. तोंडावर टॉवेल धरलेला. धाकटी मागून तिचा दंड ओढत होती, पण ती थांबली नाही. येऊन खुर्चीत बसली.

"टॉवेल काढ."

तिनं काढला. तोंड उघडलं.

आधी कुणाला कळलंच नाही. मग पुढची बाई "अगं आई!" म्हणाली, आणि कुजबुज मागपर्यंत गेली. साहेब वाकून बघत होते. सरळ झाले तेव्हा चेहरा खुललेला.

"बघा डॉक्टर," ते म्हणाले. "मी काय सांगत होतो? थोडे दिवस घासले, पांढरे झाले. आता बोला."

डॉक्टरीणबाई तोवर गुडघ्यावर बसल्या होत्या. पोरीची हिरडी बघून त्यांचा आवाजच बदलला. "हे कशानं केलंस? खरं सांग, बाळ."

"कॅन धुवायच्या ॲसिडनं."

"साहेब, हिनं डाग नाही काढला, दाताचा वरचा थरच जाळून काढलाय. हिला आत्ता औषध..."

"कशानं का असेना," साहेब म्हणाले. "निघाला ना? म्हणजे वरचाच होता."

मला राहवलं नाही. "साहेब, ॲसिडनं चामडीही निघते. ती पण घाणच का?"

कुणीतरी फिसकन हसलं, पण ते तेवढ्यापुरतंच. गाव चिडलं होतं, आणि ते साहेबांवर नाही. "गाव बुडवलंस गं, मुके," मागून एकजण म्हणाला. "नटायचं होतं तिला!" दुसरी म्हणाली. "सगळ्यांच्या लेकराबाळांच्या तोंडात माती घातलीस." ही तीच माणसं, जी बैठकीत जमीन बघत होती. मुकीनं टॉवेल परत तोंडावर घेतला नाही. तेवढी शुद्ध तिला राहिली नव्हती. ती नुसती बसून राहिली, आणि भाजलेल्या ओठांवरून डोळ्यांतलं पाणी ओघळत राहिलं.

साहेब गाडीकडं वळले. ड्रायव्हरनं चावी फिरवली.

"साहेब, थांबा."

भाऊजी होते. मी त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना ऐकून वर्षं झाली असतील. गर्दीतून ते आले ते आडव्या पावलांनी, एका अंगानं, दर दोन पावलांनी थांबत. खुर्चीजवळ आले आणि लेकीला म्हणाले, "ऊठ, बाळा."

ती उठली. दोघांनी भाऊजींना धरलं आणि बसवलं. बसवलं म्हणजे काय, पाठ वाकेना, फळी टेकवावी तसं खुर्चीला टेकवलं.

"माझे घासा," ते म्हणाले.

आणि मिशी वर करून तोंड उघडलं. मी त्या घरात सून होऊन आल्यापासून या माणसाला बघतेय. पण त्यांचे दात मी कधी नीट बघितले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. मिशी वाढवलेली, हसणं सोडलेलं, बोलणं ओठांतल्या ओठांत. धाकटीसुद्धा डोळे विस्फारून बघत होती. लेकीचे काहीच नाहीत असे ते दात. काळे, खड्ड्याखड्ड्यांचे, कडा तुटलेल्या.

"पोरीपेक्षा माझे वाईट आहेत," भाऊजी म्हणाले. "बैठकीत बोललो नाही. बोललो असतो तर दाखवावे लागले असते. लाज वाटली. पोरीला पुढं केलं."



"माझ्या दातांना लिंबूही लागलेलं नाही आणि ॲसिडही. जसे आहेत तसे आहेत. घासून बघा."

साहेब परत आले. यायलाच लागलं, शब्द त्यांचाच होता. नर्सनं लिंबावर सोडा घेतला आणि घासायला लागली. फेस आला. तांब्यानं धुतलं. डाग तिथंच. "नीट घासा," साहेब म्हणाले. तिनं जोर लावला. फेस गुलाबी झाला. भाऊजींच्या हातांनी खुर्चीच्या कडा धरलेल्या, आणि मान मागं घेता येत नाही म्हणून ब्रशाचा प्रत्येक धक्का सगळ्या अंगाला बसत होता.

"पुरे आता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"राहू द्या, बाई," भाऊजी रक्त थुंकून म्हणाले. "साहेबांचं समाधान होऊ दे."

तेव्हा साहेबांनी ब्रश स्वतः घेतला. शर्टाच्या बाह्या वर केल्या. घासलं, घासलं, कपाळावरचा घाम नाकावर आला. मुकी बापाच्या मागं उभी राहिली आणि तिनं दोन्ही तळव्यांनी त्याचं डोकं धरून ठेवलं, ब्रशाचे धक्के पाठीपर्यंत जाऊ नयेत म्हणून. मग तांब्या ओतला गेला. रक्त वाहून गेलं. डाग मात्र आधीपेक्षा स्वच्छ दिसायला लागले.

साहेब ब्रश हातात धरून उभे राहिले. मग पुढारी पुढं आला. बरंच खाकरला, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "यांचे झाले असतील तर... माझे घ्या." त्याच्या मागं माळी येऊन उभा राहिला. माळ्याच्या मागं तो मघाचा 'गाव बुडवलंस'वाला. बघता बघता खुर्चीपासून शाळेच्या फाटकापर्यंत रांग लागली, आणि रांगेतल्या कुणी तोंडावर हात धरला नव्हता.

साहेबांनी रांगेकडं बघितलं आणि ब्रश ताटलीत ठेवला.

पाइप आला. सरकारी पाइप, तो काय घोड्यावर बसून येतो? एक उन्हाळा गेला, दुसराही गेला. पण आला. शाळेजवळ नळ बसला. पहिल्या दिवशी सगळं गाव तिथं, ओंजळी धरून. गार, हलकं पाणी. मी पेला भरून प्यायले. असं पाणी मी माहेर सोडल्यापासून प्यायले नव्हते, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवायचं काय त्यात?

मुकीचं काय? ती परत शिवणाच्या कामाला लागली, दुसऱ्या दुकानात. तोंडावर हात नाही. दात पांढरे राहिले नाहीत, पिवळसर झाले, एकाचा टवका उडाला. बोलते मात्र खडाखडा, आणि नाव अजून मुकीच. त्या दिवशी नळापाशी तिनं साहेबांची नक्कल केली. बाह्या वर केल्या, नाकावरचा घाम निपटला, "नीट घासा!" म्हणाली, तर भाऊजीसुद्धा हसले. तोंड उघडून.

मग तिनं पेला भरला आणि प्यायली नाही. दोन्ही तळव्यांत धरून उभी राहिली. त्या सकाळपासून तिच्या दातांना गार सोसत नाही. नुसता वारा लागला तरी कळ मस्तकात जाते. घरी ती पाणी कोमट करून पिते. इथं आता हातांच्या उबेनं पाणी कोमट व्हायची वाट बघत होती. आजूबाजूला लहान पोरं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती.

"मोठी आई," ती म्हणाली, "गार असताना कसं लागतं गं?"

मी माझा पेला पदराआड धरला.

"काही विशेष नाही गं," मी म्हणाले. "पाण्यासारखंच."